डुकराला हिस्सा नंबर कळत नाही

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई



रानडुकरांबद्दल आपल्या खात्याकडे जे अर्ज येतात ते एकेका शेतकऱ्याचे असतात. नाव, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, पीक, बाधित क्षेत्र किती गुंठे, खाली सही किंवा अंगठा. हे पत्र तसा अर्ज नाही. लांजा तालुक्यातल्या ज्या वाडीत मी भात करतो त्या अख्ख्या वाडीचं हे म्हणणं आहे. वाडी म्हणून अर्ज करायची सोय सरकारच्या कुठल्याच नमुन्यात नाही, म्हणून ते असं उघड्यावर मांडतोय.

भाताच्या दिवसांत डुकरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. हळवं भात आधी पसवतं, सप्टेंबरच्या अखेरीस दाण्यात दूध भरतं, तेव्हा त्या कुणग्यांवर, म्हणजे भाताच्या वाफ्यांवर, पहिली धाड. मग निमगरवं. दिवाळीच्या आगेमागे गरवं. एकाच कळपाला एकाच वाडीत दीड-दोन महिने पंगत चालू राहते, यजमान तेवढे बदलतात. पहिल्या पंगतीला ज्याचं शेत उठलं तो दुसऱ्या दिवशी तालुक्याला जातो. बाकीचे मनातल्या मनात आपला नंबर कधी त्याचा हिशेब करत बसतात.

नुकसान म्हणजे काय हे आपल्या टेबलावर ‘क्षेत्र’ आणि ‘टक्केवारी’ म्हणून येतं. सकाळी कुणग्यात उतरल्यावर ते वेगळं दिसतं. लोंब्या तोंडातून ओरबाडून काढलेल्या, काड्या उभ्याच पण रिकाम्या. मधोमध कळप लोळलेला, तिथलं भात चिखलात असं दाबलेलं की विळा घालायला जागा नाही. चिखलात माद्यांचे जोडखुरांचे ठसे, त्यांच्या बाजूने पिल्लांचे रुपयाएवढे. बांधाच्या पोटात हातभर खोल चर, कारण तिथे गांडुळं असतात आणि डुकराचं नाक जमीन उचकटायलाच घडलेलं आहे. खाल्लेलं भात परवडलं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, ते या बांधासाठी. भात पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल. श्रावणात बांध फुटला तर वरच्या कुणग्यातलं पाणी खालच्यात जातं, खालच्याची माती वाहून ओहोळाला लागते, आणि बांध घालायला जो माणूस पूर्वी हाकेवर होता तो आता नालासोपाऱ्यात असतो.

शेताबाहेरचं नुकसान तर कुठल्याच कागदात मावत नाही. आमचे गडगे सुक्या दगडांचे, मातीचुन्याशिवाय रचलेले. तळाचा एक दगड डुकराने उकरून हलवला की वरचे आपोआप सुटतात, आणि त्या खिंडारातून मग मोकाट गुरंही आत येतात. परसातला सुरण, कणगर, करांदे, रताळी हे सगळं घराच्या भिंतीला लागून असलं तरी सुरक्षित नाही. नवीन लावलेली सुपारीची रोपं खायचीही नसतात बहुधा, मुळाशी उकरताना आडवी होतात. अंधारात वळणावर दुचाकीसमोर कळप आला म्हणजे काय होतं ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले लोक सांगतील. भरपाईचा नमुना पीक विचारतो, फळझाडं विचारतो. गडगा आणि बांध विचारत नाही. कोकणात शेत म्हणजे निम्मं गडगा आणि बांधच असतं, हे कुणीतरी त्या नमुन्याला सांगायला हवं.

त्यात आमच्या सातबाऱ्याची गंमत. इथे दहा गुंठ्यांच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात. आजोबांच्या भावाची नातवंडं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांचे वारस. कुणी डोंबिवलीत, कुणी सुरतेत, काहीजण वर. कसणारा एक असतो, भरपाईच्या वेळी संमती सगळ्यांची लागते. त्या संमतीपत्रांमागे लागायचा खर्च मिळणाऱ्या रकमेच्या वर जातो, तेव्हा शहाणा माणूस अर्जच करत नाही. मग कागदावर दिसतं की या भागात उपद्रव कमी आहे. खंडाने किंवा अर्धेलीने कसणाऱ्याचं नाव तर उताऱ्यावर कुठेच नसतं. त्याचं भात गेलं ते कुणाचं गेलं, हा प्रश्न कायद्याला पडतच नाही.

पंचनाम्यात दिसतं त्यापेक्षा खरं नुकसान कितीतरी मोठं असतं, हे शेतकऱ्याचं रडगाणं नाही. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोब्याच्या पश्चिम कडेच्या शेतांवर अभ्यास करून हे दाखवलं आहे: डोळ्यांनी बघून केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पन्नात पडलेली तूट यांत मोठं अंतर असतं. शिवाय राखणीची जागरणं, बुडालेली मजुरी आणि भीतीपोटी पेरायचंच सोडून दिलेलं पीक यांचा पंचनामा होत नाही. आमच्या वाडीत भुईमूग आणि नाचणी दिसेनाशी झाली ती कुठल्या रोगाने नव्हे. कोण पेरणार?

आता उपायांकडे येतो. आपल्या खात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. गावाकडे त्याला सगळे झटका मशीन म्हणतात. तारेतून क्षणभर जोराचा झटका बसतो, जनावर मरत नाही, पुन्हा त्या बाजूला येत नाही. मशीन चांगलं आहे. पण ते आपण एकेका शेतकऱ्याला देता. एकाने लावलं की कळप गडग्याच्या पलीकडे वळतो, म्हणजे सरकारी अनुदानाने डुकरं माझ्याकडून शेजाऱ्याकडे जातात. शेजारी माझा चुलतभाऊ. ज्याच्याकडे अनुदानावरची स्वतःची रक्कम भरायची ऐपत आहे तो वाचतो, ज्याच्याकडे नाही त्याच्या कुणग्यात दुप्पट कळप. वाडीत यावरून बोलणंचालणं बंद झालेलं आहे, आणि हेही नुकसानच आहे.

दुसरं म्हणजे पाऊस. हे मशीन ज्यांनी आखलं त्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक विदर्भ-मराठवाडा असावा. कोकणात आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, बॅटरी भरत नाही. त्याहून मोठी अडचण गवताची. ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरून जातो आणि तार नुसती शोभेची राहते. दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत कापायला लागतं. एकट्या म्हाताऱ्या बाईकडून ते कसं व्हायचं? तेव्हा कुंपण द्यायचं तर वाडीच्या सगळ्या मळ्याला मिळून एकच द्या, लांबी कमी लागेल, आणि गवत कापायची मजुरी रोजगार हमीत बसवा. यंत्राच्या किमतीपेक्षा ही मजुरी जास्त महत्त्वाची आहे, एवढं लक्षात घ्या.

यंत्र नसलेले काय करतात? बांधावर काठ्या रोवून जुन्या साड्या बांधतात. केस कापायच्या दुकानातून केसांची पोती आणून कडेने टाकतात. डबे वाजवतात, रात्रभर रेडिओ लावून ठेवतात, फटाके लावतात. प्रत्येक युक्ती चार-आठ दिवस चालते. मग डुकराला कळतं की साडीच्या आत बाई नाही. शेवटी राखणच. आणि राखण म्हणजे ऑक्टोबरच्या रात्री गवतातून चालत जाणं, जिथे पायाखाली फुरसं असू शकतं. गणपतीला वाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरणी पोरं, गाड्या, स्पीकर. भात पिकायला लागेपर्यंत सगळे चाकरमानी परत गेलेले असतात. राखणीला उरतात साठीच्या पुढचे.

बंदुकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दल मुंबईत गैरसमज फार आहेत. कोकणात, विशेषतः आमच्या खाली सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाचे बंदूक परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यातल्या पुष्कळ बंदुका ठासणीच्या. बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर दुसऱ्या गावात पोचतं. ही बंदूक शिकारीपेक्षा आवाजासाठी असते. एक बार झाला की कळप दोन-तीन रात्री फिरकत नाही. पण निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आता तारखा बघा. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २००९ साली १३ ऑक्टोबरला झालं, २०१४ साली १५ ऑक्टोबरला, २०१९ साली २१ ऑक्टोबरला, २०२४ साली २० नोव्हेंबरला. गेल्या वेळी आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, म्हणजे भात पिकून उभं असताना. दर पाच वर्षांनी, शेत राखायचे जे मोजके दिवस असतात नेमक्या त्याच दिवसांत, शेत राखायला दिलेली बंदूक सरकार ठेवून घेतं. हे कुणी मुद्दाम करत नाही, हे आम्हाला कळतं. पण एकाही मंत्र्याच्या हे लक्षात आलेलं नाही, हेही कळतं. ज्याच्यावर गुन्हा नाही, तंटा नाही, अशा शेतकऱ्याची बंदूक छाननी करून त्याच्याकडेच ठेवता येते. सरसकट जमा करणं पोलिसांना सोपं पडतं, एवढंच. हा विषय गृहखात्याचा आणि निवडणूक यंत्रणेचा आहे, मान्य. पण भात कधी पिकतं हे त्यांना सांगायला मंत्रिमंडळात आपणच आहात.

कायदा काय म्हणतो ते आम्ही वाचलेलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतला प्राणी जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला, आणि मालमत्तेत कायद्याने उभं पीकही धरलं आहे, तर कलम ११ खाली लेखी परवानगी देऊन त्याला मारता येतं. परवाना द्यायचे अधिकार आपल्याकडे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणलेले आहेत. कागदावर ही वाट मोकळी आहे. पण इथेही तेच: अर्ज एकाचा, शेत एकाचं. ज्याचं भात गेलं त्याच्याकडे बंदूक नसते, ज्याच्याकडे बंदूक असते त्याचं भात अजून शाबूत असतं. परवाना हातात पडेपर्यंत हळवं संपून कळप निमगरव्यावर गेलेला असतो. रात्री ज्या कुणग्यात डुक्कर उतरलं त्याचा हिस्सा नंबर त्याला विचारायची सोय नाही.

राजमार्ग असा अवघड झाला की माणसं आडवाटेला लागतात. दुचाकीच्या क्लचची वायर, तिची सरकगाठ, गडग्याच्या खिंडारात बांधलेली: ही फासकी. ती डुकरासाठी लावतात, आणि तिच्यात बिबट्या अडकतो. कमरेला तार रुतलेला, रात्रभर धडपडून दमलेला बिबट्या आमच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात अधूनमधून छापून येतो. मग आपली माणसं पिंजरा आणि जाळी घेऊन धावतात. फासकीला बिबट्या आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही. गावठी बॉम्ब त्याहून वाईट, तो गाईच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात फुटतो. आणि विदर्भात कुंपणात थेट विजेच्या खांबावरचा प्रवाह सोडतात. नागभीडकडे २०१७ साली श्रीनिवास नावाचा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ अशाच तारेने गेला. ती तार वाघासाठी नव्हती. अशा तारांना शेजारचा शेतकरी, स्वतःच्या घरचा माणूस चिकटल्याचेही प्रसंग झाले आहेत. या गोष्टींना माझा अजिबात पाठिंबा नाही, फासकी लावणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. मात्र परवान्याची वाट जेवढी लांब, तेवढ्या फासक्या जास्त, हे गणित आपल्या वनरक्षकालाही तोंडपाठ आहे. विचारून बघा.

मग काही पुढारी म्हणतात, डुक्कर उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर करा, म्हणजे कुणीही मारावं. केंद्राने बिहारमध्ये २०१५ साली नीलगाय आणि रानडुक्कर यांच्याबाबत वर्षभरासाठी तसं केलं, २०१६ साली उत्तराखंडात रानडुकराबाबत. मोकाम्याला हैदराबादहून नेमबाज आणून नीलगायी मारल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला, दिल्लीतले दोन मंत्री एकमेकांविरुद्ध बोलले, ते आठवत असेल. आमच्या वाडीला हे नको आहे. आमच्या रानात बिबट्या आहे आणि डुक्कर हे त्याचं खाद्य आहे. डुकरं संपवली तर तो ओटीवरच्या कुत्र्याकडे आणि गोठ्यातल्या वासराकडे येणार, आत्ता येतो त्याच्याहून जास्त. शिवाय सरसकट सूट मिळाली की शेत नसलेले बंदूकवाले शहरातून जीप भरून येतील, त्यांना राखणीशी काही देणंघेणं नसतं.

केरळने २०२२ साली मधली वाट काढली. परवानगी द्यायचा अधिकार त्यांनी पंचायतीच्या प्रमुखांकडे दिला. तिथे सगळं आलबेल झालं असा माझा दावा नाही. पण निर्णय गावात होतो, हंगाम निघून जायच्या आत होतो. पश्चिम घाट अहवालाच्या माधव गाडगीळांनीही नियंत्रित, परवान्याने, स्थानिक लोकांच्या हाती असलेल्या शिकारीची बाजू वर्षानुवर्षं मांडली. त्यांना निसर्गाचे शत्रू कुणी म्हणणार नाही. मारलेल्या जनावराची मालकी सरकारची राहते, हा कायदाच आहे. ते जनावर गुपचूप चुलीवर चढू नये म्हणून पंचनामा करून पुरायची व्यवस्था ग्रामसभेवर टाका. यावर लोक गालातल्या गालात हसतील हे मला माहीत आहे. हसू देत.

आमच्याकडेही बोट दाखवायला जागा आहे, आणि ती मी लपवत नाही. डुकरं डोंगरातून येतात असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर आता ती वाडीतच राहतात. मुंबईकरांची शेतं वर्षानुवर्षं ओसाड पडली, त्यांत करवंदी आणि घाणेरी माजली, रानमोडी माणसाच्या डोक्यावर गेली. घरापासून शंभर पावलांवर कळपाला दिवसभर झोपायला गार जागा आणि रात्री शेजारी जेवण. मादी साधारण चार महिने गाभण राहते आणि एका वेताला चार-पाच पिल्लं सहज देते. अशा ओसाडीत ती वाढतातही. एक शेत पडीक पडलं की त्याच्या चारही बाजूंच्या शेतांची राखण अवघड होते, मग त्यातलं एक पडीक पडतं. असं करत आमच्या मळ्याचा वरचा सगळा भाग गेला. मालकाला पत्र लिहिलं तर तो म्हणतो, हात लावू नका, वाटण्या व्हायच्या आहेत. इथे कुळकायद्याच्या भीतीने सहसा कुणी दुसऱ्याला जमीन कसायलाही देत नाही. तेव्हा वाडीच्या भोवतालच्या पडीक जमिनीतली झुडपं, झाडं नव्हे, मालकी हक्काला धक्का न लावता तोडायचा अधिकार ग्रामपंचायतीला स्पष्ट शब्दांत द्या. नवा कायदा लागेल की एक परिपत्रक पुरेल ते आपले सचिव सांगतील. आम्हाला कोयते परजायला एक कागद पुरे आहे.

पीकविम्याचंही बोलून घेतो. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत घ्यायचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. कोणते प्राणी आणि कोणता भाग, ते राज्याने ठरवून कळवायचं आहे. ती यादी करताना रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड विसरले जाऊ नयेत, कारण दर वेळी ‘वन्यप्राण्यांचा प्रश्न’ म्हटलं की नकाशावर बोट चंद्रपूर-गडचिरोलीवर जातं. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत अॅपवर फोटो टाकायचा आहे. आमच्याकडे रेंज घाटी चढल्याशिवाय मिळत नाही, पण ७२ तासांत घाटी चढता येते, ती तक्रार नाही. तक्रार ही की तिथेही पुन्हा सातबारा, पुन्हा वीस-पंचवीस नावं. कसणारा कोण हे पोलीस पाटील आणि चार शेजारी जेवढं खात्रीने सांगतील तेवढं उतारा सांगत नाही. त्यांचा जबाब पुरावा म्हणून धरा.

एकदम सगळ्या राज्याला लागू करा असं मी म्हणत नाही. एका तालुक्यात एक, अशा मोजक्या वाड्या निवडा. तिथे भरपाई, कुंपण, परवाना, झुडपं तोडणं हे सगळं वाडीच्या नावाने होऊ द्या, ग्रामसभेच्या ठरावावर. परवानगी नुकसान झाल्यावर मागायची गरज नको. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतची, किती जनावरं मारायची तो आकडा घालून, नावनिशीवार परवानाधारकांना आधीच देऊन ठेवा. त्या वाड्यांत फासकी सापडली तर परवानगी रद्द, अशी अट घाला. मग फासकीवर नजर ठेवायचं काम आपल्या वनरक्षकाआधी वाडीच करील. दोन हंगाम बघा. पंचनामे किती झाले, फासक्या किती निघाल्या, किती कुणगे पुन्हा लागवडीखाली आले, ते मोजा.

हळवं भात सप्टेंबरात पसवतं. त्याच्या आत ग्रामसभेचा ठराव, आपल्या खात्याचा आदेश आणि तालुक्याचा परवाना हे तीन कागद व्हायला लागतील. पहिला आम्ही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत करून पाठवतो. तो कुणाच्या नावाने पाठवायचा आणि त्यावर आपल्याकडून किती दिवसांत उत्तर येईल, एवढं कळवावं.

कळावे,
आपला,
लांजा तालुक्यातला एक भात शेतकरी